चित्राचा धनी

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला आणि गाजला, हे आपण शाळेतच शिकतो. परंतु तोच चित्रपट सुरतेस आला तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला अवघा तीन रुपये जमला, ही हकिकत चित्रपटेतिहासाच्या ग्रंथांत नमूद असूनही सुरतेत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींपैकी फार थोड्यांच्या कानी पडलेली असते. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची ज्या प्रेक्षकांना सवय, ते तीन आणे मोजून तासा-दीड तासाचा खेळ कशासाठी पाहतील, असा सवाल येथील थिएटरवाल्याने केला आणि दर उतरवावा किंवा खेळ लांबवावा अशी सूचना केली. फाळक्यांनी दोन्ही गोष्टींस साफ नकार दिला. त्यांनी जाहिरात काढली की, या खेळात सत्तावन्न हजार छायाचित्रे असून चित्र दोन मैल लांबीचे आहे आणि हे सारे केवळ तीन आण्यांत पाहावयास मिळेल. आणि गल्ला तीन रुपयांवरून तीनशेवर गेला.

या हकिकतीत जाहिरातीचे चातुर्य आहेच, पण मला तिच्यात अधिक मोलाचा वाटतो तो फाळक्यांचा नकार. कॅमेरा त्यांनी स्वतः विलायतेहून आणला होता, त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, आणि भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा एक चिमुकला चित्रपट १९१२ साली घरच्या घरी तयार करून दाखवला होता; यामुळे चित्राची लांबी किती, दर किती आणि जाहिरातीत शब्द कोणते, या तिन्ही बाबतींत अखेरचा हुकूम त्यांचा चालत होता. पुढे १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली, मालकी वाटली गेली, मतभेद विकोपाला गेले, आणि ज्याने हा उद्योग या देशात उभा केला त्याच पुरुषाला काही काळ सर्व सोडून काशीस जाऊन राहावे लागले. प्रतिभा तीच होती, परिश्रमही तेच होते. फरक पडला तो चित्राचा धनी कोण, या एका प्रश्नाच्या उत्तरात.

हा प्रश्न आज माझ्या शहरात शेकडो तरुणांच्या दाराशी उभा आहे आणि त्यांतील बहुतेकांना तो दिसत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. सुरतेतील मराठी वस्ती म्हणजे बहुतांशी खानदेशची वस्ती. तापी खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव येथून निघून उधना स्टेशनावर उतरलेली, लूमवर, डाइंग मिलमध्ये आणि कपडा मार्केटात राबणारी, घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती बोलणारी. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, नवागाम या भागांत आज असा मोहल्ला विरळाच, जेथे कोणी ना कोणी मोबाईलवर कॉमेडी, लोकगीत, भक्तिगीत किंवा वीस मिनिटांची कथा चित्रित करून यूट्यूबवर टाकीत नाही. 'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गीताने कोट्यवधी प्रेक्षक मिळवले आणि खानदेशाबाहेरच्या वरातींतही ते वाजू लागले, तेव्हापासून आपल्या बोलीला बाजार नाही ही जुनी समजूत कायमची निकालात निघाली. प्रेक्षक आहे, साधन स्वस्त आहे, अंगी गुणही आहेत. नाही तो कागद.

सुरतेच्या माणसाला कागदाचे महत्त्व शिकवावे लागू नये. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात लक्षावधी रुपयांची पुडी निव्वळ विश्वासावर एका हातातून दुसऱ्या हातात जाते, असे बाहेरचे लोक कौतुकाने सांगतात; परंतु त्या विश्वासाच्याही बुडाशी जांगडाची चिठ्ठी असते, जिच्यावर माल कोणाचा, वजन किती, भाव काय आणि तो पाहण्यासाठी दिला आहे, विकलेला नाही, एवढे लिहून सही घेतलेली असते. ज्या शहरात हिरा असा कागदाविना हातचा सुटत नाही, त्याच शहरात महिनाभर खपून केलेली फिल्म, गाण्याची चाल, नटाचा चेहरा आणि मूळ फाइली हे सर्व 'आपलाच माणूस आहे' एवढ्या शब्दावर दिले घेतले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ती कृती घडवून आणण्याचा पुढाकार व जबाबदारी ज्याने घेतली तो. चार मित्रांपैकी एकाने कथा सांगितली, दुसऱ्याने कॅमेरा आणला, तिसऱ्याने जेवणाचा व रिक्षाचा खर्च केला आणि चौथ्याच्या चॅनेलवर फिल्म चढली, तर यांतील निर्माता कोण? जोवर चारशे व्ह्यूज आहेत तोवर हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि चाळीस लाख झाले की तोच प्रश्न चौघांची मैत्री संपवतो. म्हणून पहिला कागद आपसांतला असावा: निर्माता कोण, चॅनेलचा पासवर्ड कोणाकडे, मूळ फाइली कोणाच्या डिस्कवर, उत्पन्नाची वाटणी कशी, आणि एखादा गट सोडून गेला तर त्याच्या वाट्याचे काय. एक पान पुरते. परंतु ते चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी लिहिलेले हवे, कारण त्या दिवशी कोणाच्याही मनात लोभ नसतो.

दुसरी बाब आमच्या शहरातील लग्नाच्या शूटिंगवाल्यांशी निगडित आहे. स्वतंत्र चित्रपट करणाऱ्यांपैकी पुष्कळांची रोजीरोटी याच व्यवसायावर चालते आणि कॅमेरा धरण्याचे शिक्षणही त्यांना तेथेच मिळालेले असते. कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या छायाचित्राचा वा चित्रपटाचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसेल तर, मोबदला देणारा असतो. म्हणजे नवरीच्या हळदीचे जे दृश्य आपण जीव ओतून टिपले, ते आपल्या चॅनेलवर नमुना म्हणून टाकण्याचाही अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. आणि रिंगरोडवरच्या साडीच्या व्यापाऱ्यासाठी केलेली जाहिरात त्याने पुढे पाच ठिकाणी वापरली तर आपल्याला बोलता येत नाही. बयाणा घेताना पावतीच्या पाठीमागे दोन ओळी लिहून सही घेतली, की काम आपल्या नमुन्यात दाखवता येईल व ठरलेल्या वापराखेरीज अन्य वापरास वेगळे पैसे पडतील, तर हाच कायदा आपल्या बाजूने उभा राहतो. वरातीत गाणे वाजवण्यास कायद्याची सूट आहे; परंतु त्याच वरातीचा व्हिडिओ त्या गाण्यासह इंटरनेटवर प्रसृत करण्यास ती सूट लागू होते असे समजून चालू नये.

हक्क दुसऱ्यास देण्याच्या प्रसंगी तर डोळ्यांत तेल घालून वाचावे. हस्तांतरण लेखी असले पाहिजे व देणाऱ्याची सही असली पाहिजे, एवढेच सांगून १९ वे कलम थांबत नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्काचा वापरच केला नाही तर, करारात वेगळे नमूद नसल्यास, तो हक्क परत यावा. अशी तजवीज संसदेने दुर्बल पक्षासाठीच करून ठेवली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर करार करताना जे माध्यम अस्तित्वात वा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात स्पष्टपणे लिहिल्याखेरीज हस्तांतरित होत नाही, असेही ठरवले. व्हीसीडीच्या काळात खानदेशी गाणी एकरकमी विकून बसलेल्या कलावंतांनी आपले जुने कागद पेटीतून काढून या एका वाक्याच्या उजेडात वकिलाकडून तपासून घ्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आज मात्र गाण्याच्या कंपनीचे मसुदे या साऱ्या पळवाटा आधीच बुजवून येतात. 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण विश्वात' आणि 'आज ज्ञात व पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत' हे तीन शब्दप्रयोग दिसले, की सहीचा हात आवरावा आणि प्रत्येकामागे किती रुपये, असे शांतपणे विचारावे.

आता गाण्यांविषयी, कारण चॅनेले बुडतात ती बहुधा याच खडकावर आदळून. एका गाण्यात तीन स्वतंत्र हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. १९६४ साली वा तत्पूर्वी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकांवरील हक्क २०२४ अखेर संपला, हे खरे; पण तेवढ्यावरून जुने गाणे फुकट झाले असे समजणे म्हणजे घात. ग. दि. माडगूळकर १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत जिवंत आहे; सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. उलट, आमच्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली निवर्तल्या व त्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. मरणोत्तर प्रकाशनाचा नियम लावला तरी २०१२ अखेर त्या शब्दांवरील हक्क सरला. जळगाव जिल्ह्यातील असोद्याच्या त्या माउलीचे शब्द आज डिंडोलीतील कोणाही मुलीने स्वतःच्या नव्या चालीत, स्वतःच्या आवाजात गाऊन प्रसिद्ध करावेत. त्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही. चित्रपटांतून वा रेकॉर्डवरून प्रसिद्ध झालेली चाल मात्र उचलू नये, ती दुसऱ्याची आहे. तुकोबांचे अभंग, सुरतेच्या नर्मदाची कविता, आजीच्या ओव्या, कानबाईची गाणी: एवढे भांडार विनामूल्य व निर्वेध उपलब्ध असताना मुंबईच्या एखाद्या चालू हिंदी गाण्याचे तीस सेकंद चोरून लावण्याचा मोह का व्हावा, हे मला उलगडत नाही. सात सेकंद चालतात, पंधरा सेकंद चालतात, असे जे सांगितले जाते त्याला कायद्यात कसलाही आधार नाही.

यूट्यूबवर या चुकीचे दोन निरनिराळे परिणाम होतात आणि त्यांचा गोंधळ करू नये. कंटेंट आयडी या यूट्यूबच्या स्वयंचलित तपासणीतून दावा आला तर बहुधा त्या व्हिडिओचे उत्पन्न दावेदाराकडे जाते, चॅनेलवर डाग राहत नाही. परंतु हक्कधारकाने काढून टाकण्याची रीतसर मागणी केली तर स्ट्राइक बसतो, आणि नव्वद दिवसांत असे तीन बसले की चॅनेल बंद होते, त्यावरील निर्दोष व्हिडिओंसह. दावा चुकीचा असेल, आपणच गायलेली ओवी कोणी आपल्या नावावर नोंदवली असेल, तर वाद अवश्य मांडावा. दावेदारास उत्तरासाठी तीस दिवस मिळतात. येथेच तो कागद कामास येतो: गायिकेची सही, ध्वनिमुद्रणाची तारीख, मूळ फाइल. हे हाताशी नसले तर खरा मनुष्यही आपले खरेपण रुजू करू शकत नाही.

मालेगावचा दाखला या ठिकाणी देणे भाग आहे, कारण तोही यंत्रमागांचाच गाव आणि आमच्यापैकी कित्येकांची नातीगोती तेथे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे पन्नास हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' केला. शुक्रवारी लूम बंद म्हणून शुक्रवारी नट मोकळे, बैलगाडीची क्रेन, सायकलीवरचा कॅमेरा. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटाने त्यांचा 'सुपरमॅन' जगाला दाखवला आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२४ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात जाऊन २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रगृहांत आला. त्या माणसांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि त्यांचे अनुकरण करताना काळ बदलल्याचे भान ठेवावे: कायद्याच्या ५२ व्या कलमात समीक्षेस सूट आहे, विडंबनाचा स्वतंत्र उल्लेख नाही, आणि गावच्या पार्लरमध्ये जे खपले ते कंटेंट आयडीच्या नजरेतून आज तासभरही सुटणार नाही. त्याच मालेगावचे शफीक, ज्यांना मुले छोटूदादा म्हणून ओळखतात, त्यांच्या कॉमेडीला कोट्यवधी प्रेक्षक मिळाले ते स्वतःच्या गोष्टी, स्वतःचे पात्र आणि स्वतःचे बोलणे यांवर. उसन्या 'शोले'पासून आपल्या छोटूपर्यंतचा हा प्रवास मला पुढच्या पिढीच्या दृष्टीने फार आश्वासक वाटतो.

तांत्रिक बाबींत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो, ती आवाजाची. प्रेक्षक अंधुक चित्र सहन करतो, अस्पष्ट संवाद सहन करीत नाही. आणि लूमच्या शेजारी राहणाऱ्या आम्हांला त्या खडखडाटाची इतकी सवय झालेली असते की तो कानाला जाणवतच नाही, माइकला मात्र प्रत्येक ठोका ऐकू येतो. नवा फोन घेण्याआधी कॉलरला लावण्याचा बरा माइक घ्यावा. आपल्या भागातील लूमची खाती ज्या दिवशी बंद, त्या दिवशी संवादांची दृश्ये ठेवावीत. खोलीत भिंतींवर गोधड्या व जाड कापड टांगावे, ज्याची या शहरात वाण नाही. आणि प्रत्येक जागेचा निव्वळ शांततेचा अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवावा, तो संकलनात जोड लपवतो.

स्थळांविषयी थोडक्यात. कतारगामकडील इंग्रज व डच कबरस्ताने पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तेथे चित्रणास त्या खात्याचा परवाना हवा. स्टेशनात व गाडीत रेल्वेचा. कपडा मार्केटात तेथील संचालकांचा. डुमसच्या किनाऱ्यावर ड्रोन उडवण्यापूर्वी विमानतळ तेथून किती जवळ आहे हे नकाशावर पाहावे, आणि डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेवर त्या जागेचे क्षेत्र तपासावे. नटांची संमतिपत्रे घ्यावीत, अल्पवयीन असल्यास पालकांची. फिल्म गणेशोत्सवाच्या मांडवात वा सभागृहात जाहीरपणे दाखवायची तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, जो यूट्यूबवर येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते प्रमाणपत्र आता दहा वर्षांऐवजी कायमचे असते.

पैशांचा हिशेब हा शेवटचा विषय, आणि येथे आशेला थोडा लगाम घालावा लागतो. जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यास एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतर मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरातीचा पंचावन्न टक्के वाटा निर्मात्यास मिळतो. अहिराणी वा मराठी चॅनेलला एकट्या या वाट्यावर संसार चालवणे कठीण जाते, म्हणून साडीवाले, मिठाईवाले, क्लासवाले यांच्या जाहिराती येतात. त्या घ्याव्यात, परंतु ही जाहिरात आहे असे पडद्यावर स्पष्ट लिहावे; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यासही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फाळक्यांच्या त्या जाहिरातीतील सत्तावन्न हजारांचा आकडा चित्राच्या लांबीशी जुळतो. दोन मैलांचा मात्र जुळत नाही, कारण चित्राची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे पाऊण मैलाच्याही आत. त्या थोर पुरुषाच्या पहिल्या आकड्याचे अनुकरण करावे, दुसऱ्याचे करू नये. व्यापाऱ्याने पैशांऐवजी साड्या दिल्या तर त्यांची किंमत वहीत मांडावी. २०२२ च्या जुलैपासून व्यवसायात मिळालेल्या अशा वस्तूंचे मूल्य वर्षाला वीस हजारांच्या वर गेले की देणाऱ्याने दहा टक्के कर कापावयाचा असतो, आणि ती रक्कम आपल्या नावावर दिसू लागल्यावर उत्पन्न दाखवले नाही तर विचारणा होते. गुगलकडे अमेरिकी कराचा अर्ज भरून ठेवावा. तो न भरल्यास सर्व देशांतील उत्पन्नातून चोवीस टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते, भरल्यास केवळ अमेरिकेतील प्रेक्षकांपासूनच्या उत्पन्नातून पंधरा टक्के.

सुरतेतील मराठी मंडळे गणपती बसवतात, शिवजयंतीच्या मिरवणुका काढतात, वधूवर मेळावे भरवतात, आणि त्या प्रत्येक कार्यक्रमाचे चित्रण हीच मुले फुकट वा अर्ध्या दरात करून देतात. त्यांचे ऋण फेडण्याची एक रीत अशी आहे की, मंडळांनी आपल्यातील वकिलांना व चार्टर्ड अकाउंटंटांना एका रविवारी एकत्र बसवून तीन मसुदे तयार करून घ्यावेत, मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत: गटातील भागीदारीचा, कलावंताच्या संमतीचा आणि गाण्याच्या हक्कांचा. प्रत्येकी एका पानाचे. लग्नसराई सुरू होण्याआधी, दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात, ते छापून उधन्यापासून डिंडोलीपर्यंतच्या प्रत्येक फोटो स्टुडिओत ठेवावेत. छपाईचा खर्च मांडवाच्या एका कमानीहून कमीच येईल.